पाच जणांचा बँड, स्वतःचा साउंड: जून ते नोव्हेंबर २०२४च्या नोंदी

प्रकल्प काय आहे

पुण्यातला पाच जणांचा बँड: गायिका, अकॉस्टिक गिटार आणि दुसरा आवाज, कीबोर्ड-हार्मोनियम, बेस, आणि तालवाद्ये. गाणी मराठी आणि हिंदी. जागा कॅफे, सोसायटीचे मंडप आणि छोटे हॉल; श्रोते ४० ते ३००. एका छोट्या हत्तीत मावेल एवढ्या सामानात, दीड तासात उभा राहील आणि बाहेरच्या साउंडवाल्याशिवाय चालेल असा संच बसवायचा आहे. छोट्या बँडचा कार्यक्रम पडतो तेव्हा गाणे कच्चे असल्याचे कारण फार कमी वेळा असते. वीज, खोली, पट्टी, वेळ आणि स्टेजवरचाच आवाज ही कारणे जास्त वेळा निघतात. म्हणून नोंदी त्यांच्या.

८ जून, शनिवार. तालीम

पहिला प्रश्न ड्रमसेटचा. चार बाय पाच मीटरच्या खोलीत, तीन मीटरवरून फोनच्या मीटरने मोजले. साध्या काठ्यांनी पूर्ण सेट ९८ ते १०१ डेसिबल, बांबूच्या जुडीच्या काठ्यांनी ९२ ते ९४, कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) ८४ ते ८६. फोनचा मीटर अचूक नसतो, पण एकाच फोनने घेतलेल्या आकड्यांची आपसात तुलना करता येते.

शब्द नीट कळायला गायिकेचा आवाज तालाच्या निदान ५-६ डेसिबल वर हवा. म्हणजे सेट वाजला की गाणे १०५ला न्यावे लागते. तेवढ्यात माइक शिट्टी मारतो, पुढच्या टेबलावरची माणसे उठतात आणि मालक ‘आवाज कमी करा’ सांगायला येतो. ड्रमला आवाजाचे बटण नसते, त्यामुळे कमी होतो तो गायिकेचाच आवाज.

निर्णय: १०० श्रोत्यांखाली कहोन, तबला, ढोलकी. बेस आणि गिटारचे ॲम्प्लिफायर घरी. दोन्ही वाद्ये डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) थेट मिक्सरला. वाजवणाऱ्यांना हे सुरुवातीला बोचते, कारण पाठीमागून येणारा हवेचा धक्का जातो. पण छोट्या जागेत स्टेज शांत असला तरच बाहेरचा आवाज आपल्या हातात राहतो. पुढच्या सगळ्या नोंदींचे मूळ या निर्णयात आहे.

कानांसाठी: ८५ डेसिबल आठ तास चालते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, हे कामाच्या जागेसाठीचे सर्वमान्य गणित. त्याने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. आठवड्याला दोन तालमी करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावावा.

१५ जून, शनिवार. संच आणि इनपुट यादी

रॅकमध्ये १६ माइक-इनपुटचा, टॅबलेटवरून चालणारा डिजिटल मिक्सर. दोन १२ इंची पॉवर्ड स्पीकर, स्टँडसह. एक मॉनिटर वेज (वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा तिरका स्पीकर), बाकीच्यांना कानातले इअरफोन.

१. गायिका. २. दुसरा आवाज. ३. गिटार, ॲक्टिव्ह डीआय. ४. कीबोर्ड, पॅसिव्ह डीआय, मोनो. ५. हार्मोनियम, माइक. ६. बेस, डीआय. ७. तबला. ८. डग्गा. ९. कहोन, मागच्या भोकापाशी. १०. ढोलकी. ११. निवेदन. १२. मोकळा.

डीआय उलटसुलट लावले की आवाज बिघडतो. गिटारच्या पिएझो पिकअपला (तारांची कंपने टिपणारा तुकडा) फार मोठा इनपुट इंपिडन्स, म्हणजे सिग्नलला पुढे मिळणारा विद्युत-विरोध, लागतो. पॅसिव्ह बॉक्स लावला तर आवाज पातळ आणि नाकात येतो. कीबोर्डचा सिग्नल आधीच दणकट असतो, त्याला पॅसिव्ह बॉक्स पुरतो आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर घोंघाटही तोडतो.

उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला उरलेली जागा ३ डेसिबलने घटते. दोनाचे आठ माइक म्हणजे ६ डेसिबल गेले. म्हणून ढोलकी नसलेल्या गाण्यात १० नंबर बंद, हार्मोनियम नसेल तर ५ बंद. हे काम कीबोर्डवाल्याकडे. टॅबलेट त्याच्या स्टँडवर.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चॅनेलचा नंबर, रंगीत टेपने. अंधारात नाव वाचता येत नाही, रंग दिसतो.

२८ जून, शुक्रवार

उद्याचा कॅफेतला कार्यक्रम ६ जुलैला ढकलला. काल रात्री भारताने टी-ट्वेंटी विश्वचषकाची उपांत्य फेरी जिंकली. उद्या रात्री आठला अंतिम सामना. कॅफे पडदा लावणारच आणि त्यांनी तो लावावाच. तारीख ठरवताना क्रिकेटचे वेळापत्रक, परीक्षा आणि लग्नाचे मुहूर्त, तिन्ही पाहायचे.

६ जुलै, शनिवार. कॅफे, ५५ श्रोते

जागा सहा बाय नऊ मीटर, एक लांब बाजू पूर्ण काच, छत पत्र्याचे, खाली खोटे छत नाही. गाडी ५:१५ला, वाजवणे ७:३०ला.

वीज आधी. आपला भार: दोन स्पीकर, मिक्सर, कीबोर्ड, राउटर आणि चार एलईडी दिवे मिळून सरासरी ६०० वॅटच्या आत. ६ अँपिअरचा साधा सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅट देतो, म्हणजे एका सॉकेटवर सगळे भागते आणि भागवायचेच. दोन भिंतींवरून वीज घेतली की दोन अर्थिंग मिळतात, त्यांच्यामध्ये केबलच्या जाळीचा वेढा तयार होतो आणि ५० हर्ट्झची घूं सुरू होते. इथे मिळालेल्या पहिल्या सॉकेटवर सरबताचा फ्रिज होता. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ येत होते. काउंटरमागचा दुसरा सॉकेट घेतला, १५ मीटरची वायर लागली. गुंडाळीवरची वायर पूर्ण उलगडून टाकायची. गुंडाळलेली भारावर तापते.

घूं राहिलीच तर एकेक चॅनेल बंद करून कोणाची ते शोधायचे आणि त्या डीआयवरचा ग्राउंड-लिफ्ट (सिग्नल केबलच्या जाळीची जोडणी तोडणारे बटण) दाबायचा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने घूं जाते आणि माइकला ओठ लावणाऱ्या माणसाचे संरक्षणही जाते. तो उपाय या संचात कधीही नाही.

मांडणी. स्पीकर काचेकडे तोंड करून लावले तर आवाज काचेवरून थेट माइकमध्ये परततो. म्हणून बँड काचेकडे तोंड न करता अरुंद भिंतीला पाठ लावून बसवला, स्पीकर माइकच्या रेषेपुढे, आत पंधरा-वीस अंश वळवून. स्पीकरचा शिंग-भाग (बारीक, उंच सूर फेकणारा) बसलेल्यांच्या डोक्यावर, १.८ मीटर उंच. खाली ठेवला की पुढच्या टेबलाला भडिमार आणि मागच्याला काहीच नाही.

साउंडचेक आवाजापासून, तालापासून नव्हे. मोठ्या स्टेजवर किक-ड्रमपासून सुरुवात करतात. छोट्या खोलीत मर्यादा गायिकेच्या माइकची असते, तर ती आधी कळली पाहिजे. क्रम असा: गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) इतका की सर्वांत मोठी तान मीटरवर −१२ ते −१० दाखवेल, १२० हर्ट्झखालचे कापायचे, मग मुख्य फेडर हळू चढवून पहिली शिट्टी कुठे येते ते पाहायचे. इथे ती २.५ किलोहर्ट्झच्या आसपास आली. तिथे अरुंद खाच, म्हणजे तेवढाच सूर ४ डेसिबल कमी. दुसरी खाच ६३० हर्ट्झला. तिसरी घेतली नाही. तीनपेक्षा जास्त खाचा लागत असतील तर स्पीकर हलवायची गरज असते.

वेज कुठे ठेवायचा हे माइकवर ठरते. साध्या कार्डिऑइडचा (मुख्यतः समोरचे ऐकणारा माइक) बहिरा भाग बरोबर पाठीमागे असतो, तर वेज समोर सरळ. सुपरकार्डिऑइड पाठीमागून थोडे ऐकतो. त्याचा बहिरा भाग सुमारे १२५ अंशांवर, म्हणून वेज थोडा बाजूला. माइकची जाळी मुठीत धरली की दोन्हींचा आकार मोडतो आणि शिट्टी हमखास.

काय घडले: पहिल्या सत्रात शब्द शेवटच्या टेबलापर्यंत स्पष्ट, मध्यभागी ८२ ते ८५ डेसिबल. दुसऱ्या सत्रात टॅबलेटची जोडणी तुटली. रिकाम्या कॅफेत वाय-फाय छान चालते; ५५ फोन आत आले की २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भरते. मिक्सर शेवटच्या स्थितीत चालू राहतो, आवाज बंद पडत नाही, पण हात बांधले जातात. उपाय लगेच यादीत: ५ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र राउटर, माणसांच्या डोक्यांवर, टॅबलेटच्या नजरेसमोर, आणि पाच मीटर नेटवर्क केबलने जोडलेला लॅपटॉप राखीव.

चांगली गोष्ट: नवव्या गाण्यानंतर दोन टेबलांनी स्वतःहून खुर्च्या बँडकडे वळवल्या. कॅफेमध्ये याहून खरी दाद नाही.

२० जुलै, शनिवार. पट्ट्यांचा हिशेब

दोन गाण्यांमधले मौन श्रोत्याला जाणवते. पंधरा सेकंदांपुढे गेले की मोबाईल निघतात. बँडमधल्या मौनाचे मोठे कारण तबला: पट्टी बदलली की हातोडी, गट्टे, ठाक-ठाक, दोन-तीन मिनिटे.

तबला सा ला लावतात तसा पंचमालाही चालतो. काळी चारला (पेटीवरची चौथी काळी पट्टी) लावलेला तबला काळी चारच्या गाण्यात सा देतो आणि काळी एकच्या गाण्यात पंचम. तसाच काळी पाचचा तबला काळी पाच आणि काळी दोन दोन्हींना पुरतो. म्हणून गाण्यांचे दोन गट केले. पहिल्या सत्रात काळी चार आणि काळी एक, दुसऱ्यात काळी पाच आणि काळी दोन. सत्रांच्या मधल्या वीस मिनिटांत तबला बदलला, एवढेच. अगदी न बसणारे एकच गाणे राहिले. ते कहोनवर घेतले.

गिटारलाही हेच गट सोयीचे. पहिल्या घरात कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबणारा चिमटा) ठेवला की जी कॉर्डच्या आकाराने काळी चार आणि सी आकाराने काळी एक मिळते, कॅपो हलवायची गरज नाही. दुसऱ्या सत्रात तिसरे घर: जी आकाराने काळी पाच, सी आकाराने काळी दोन. कॅपो तारा किंचित ताणतो, तेव्हा सूर कॅपो लावल्यावर जुळवायचा, आधी नव्हे. कॅपो फ्रेटच्या जवळ, कमीत कमी दाबाने.

हार्मोनियम आधी ट्यूनरवर पाहिली. भाड्याच्या कित्येक पेट्या ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराच्या वर असतात आणि कीबोर्डशी भांडतात. जुळत नसेल तर पेटी बदलता येत नाही, पण कीबोर्डचा मूळ सूर दोन-चार हर्ट्झ सरकवता येतो. मग गिटार आणि बेसही त्यालाच.

दमट हवेत पुडी (तबल्याचे चामडे) सैल पडून सूर उतरतो, एसीच्या कोरड्या हवेत चढतो. पावसाळ्यात तबला वाजवण्याच्या जागी निदान पाऊण तास आधी उघडून ठेवायचा. ढोलकी नटबोल्टची आहे, पाना पिशवीत. दोन पाने, कारण एक हरवतोच.

४५ मिनिटांच्या सत्रात दहा गाणी. पहिले गाणे गायिकेच्या मधल्या सप्तकातले आणि सगळी वाद्ये वाजणारे, म्हणजे साउंडचेकमध्ये सुटलेले पहिल्या मिनिटात कळते. सर्वांत अवघड गाणे चौथे किंवा पाचवे. लावणी सत्राच्या शेवटी. तिच्यानंतर कोणतेही गाणे फिके वाटते.

२७ जुलै, शनिवार

आजचा सोसायटीतला कार्यक्रम रद्द. गुरुवारी, २५ला, खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. आयोजकांचे लोक तिकडे मदतीला. अशा वेळी आगाऊ रकमेचा विषय काढायचा नाही; तारीख पुढे, रक्कम तीच.

१८ ऑगस्ट, रविवार. पैसे आणि कागद

एक पानाचा करार, मराठीत. ठरलेले मानधन, निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली वाजवण्याआधी. वाहतूक वेगळी. आयोजकाने ४८ तासांच्या आत रद्द केल्यास आगाऊ परत नाही. पूर, संचारबंदी, मृत्यू यांत फक्त तारीख बदलेल. पाच जणांचे जेवण आणि पाणी. वाजवण्याची वेळ, आणि ती ‘साधारण’ नव्हे.

मानधनाचे सहा भाग: पाच माणसांचे, सहावा सामानाचा. केबल, बॅटऱ्या, स्पीकरची दुरुस्ती या सहाव्या भागातून. हा भाग पहिल्यापासून न ठेवणारे बँड वर्षभरात एकाच माणसाच्या खिशावर चालू लागतात, आणि तो माणूस थकला की बँड थांबतो.

‘दारावरच्या तिकिटांतून टक्केवारी’ हा प्रस्ताव फक्त किमान रकमेच्या हमीसह. ‘ओळख वाढेल’ या बोलीवर वाजवायचे ते शाळा, ग्रंथालय, रुग्णालयाचा निधी अशा ठिकाणी. खाद्यपदार्थ विकणाऱ्या जागेत गाणे हा त्यांच्या धंद्याचा भाग आहे.

गाणी दुसऱ्यांची असतील तर जाहीर सादरीकरणासाठी गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा परवाना लागतो. तो देणारी मुख्य संस्था आयपीआरएस. परवाना जागेने किंवा आयोजकाने काढायचा, हे वाक्य करारात आहे. लग्नसोहळ्यातील वादनाला कायद्यात सूट आहे, कॅफेला नाही.

११ सप्टेंबर, बुधवार. सोसायटीचा गणपती, मंडप, २५० श्रोते

मंडपात वीज तीन फेजची, मंडपवाल्याने ओढलेली. कोणतीही वस्तू लावण्याआधी मल्टीमीटरने तीन मोजमापे: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३०च्या जवळ, तिसरे दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. आज फेज-न्यूट्रल २१२ आणि २५० यांच्यात हेलकावे खात होते आणि न्यूट्रल-अर्थ ३० व्होल्ट दाखवत होते. हे न्यूट्रलचा सांधा ढिला असल्याचे लक्षण. न्यूट्रल पूर्ण सुटला तर एका फेजवरच्या उपकरणांना चारशेच्या आसपास व्होल्ट मिळू शकतात आणि मिक्सर, कीबोर्ड, स्पीकर एका क्षणात जातात. मंडपवाल्याच्या वायरमनला बोलावून मुख्य पेटीतला न्यूट्रल आवळून घेतला, पुन्हा मोजले: २२८, २२७, १. मगच प्लग. पाच मिनिटांच्या या कामाइतकी स्वस्त सुरक्षा दुसरी नाही.

दिव्यांच्या माळा आणि डिमर वेगळ्या फेजवर. साउंड सगळा एका बिंदूवरून. चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलट.

मंडप लांबट, २२ मीटर. दोन स्पीकरवर मागे शब्द पोचेनात, म्हणून १४ मीटरवर भाड्याचे दोन छोटे स्पीकर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला २.९ मिलिसेकंद, १४ मीटरला ४१. मागच्या स्पीकरला ५० मिलिसेकंदांचा विलंब दिला, थोडा जास्तच, म्हणजे आवाज समोरच्या स्टेजवरूनच येतो असे कानाला वाटते. विलंबाशिवाय प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

वेळ. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर ध्वनिवर्धक आणि वाद्ये रात्री १० ते सकाळी ६ बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सूट देऊ शकते. पण कोणते दिवस हे आदेशात लिहिलेले असते, त्याची प्रत आयोजकाकडून घ्यायची. आज दहाचीच मर्यादा धरली. आरती लांबली आणि ८ऐवजी ८:४०ला सुरुवात झाली. म्हणून सत्र एकच, ७० मिनिटांचे, मध्यंतर नाही. शेवटचे गाणे ९:५०ला संपले. दहाला पाच कमी असताना नवे गाणे सुरू करायचे नाही, फर्माईश कोणाचीही असो. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर प्रश्नच नाही. मुंबईचे धोबी तलावाजवळचे रंगभवन याच कारणाने उघड्यावरच्या मैफलींना मुकले. एकेका जागेने किती बँड घडवलेले असतात, आणि ती गेली की काय जाते, हे मुंबईच्या वादकांना विचारावे.

आज कानातल्यांचा पहिला खरा उपयोग: ढोल दोन इमारती पलीकडे वाजत असतानाही ताल सुटला नाही. दोन गोष्टी ठरल्या. कानातल्यांच्या मिश्रणात खोलीचा एक माइक घालायचा, नाहीतर टाळ्या ऐकू येत नाहीत आणि गायिका एकटी पडते. आणि एक कान उघडा ठेवायचा नाही: एका कानाने पुरेसे वाटत नाही म्हणून माणूस आवाज वाढवत नेतो. कीबोर्ड आणि ताल जागचे हलत नाहीत, त्यांना वायरचे हेडफोन ॲम्प. वायरलेस फक्त गायिकेला.

१९ ऑक्टोबर, शनिवार. दिवाळी पहाटची तयारी

३१ला नरक चतुर्दशी, उद्यानात उघड्यावर, ३०० खुर्च्या. निमंत्रणपत्रिकेवर आयोजकांना पहाटे ५:३० हवे होते. ध्वनिवर्धक आणि वाद्ये सहानंतरच, म्हणून ६:००. साडेपाच ते सहा फक्त दीपप्रज्वलन, असे सुचवले आणि त्यांनी मानले.

पहाटे आवाज खाली बसलेला असतो. पहिली चाळीस मिनिटे अर्धा स्वर खाली: काळी चारऐवजी पांढरी पाच, काळी एकऐवजी पांढरी एक. तबला पांढरी पाचला, दोन्हींना पुरतो. गिटारला कॅपोच नाही. त्यानंतर पट्टी चढवायची.

सहाआधी साउंडचेक करता येणार नाही. उपाय: आदल्या संध्याकाळी पूर्ण साउंडचेक, तेव्हाच सगळे चॅनेल वेगवेगळे लॅपटॉपवर रेकॉर्ड. पहाटे ते रेकॉर्डिंग मिक्सरमध्ये परत सोडून स्पीकर बंद ठेवून कानातल्यांवर तपासायचे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. दिवाळी पहाट

रात्री सामान ताडपत्रीखाली, राखणदारासह. माइक, डीआय आणि तबले मात्र गाडीत. तरी पहाटे स्पीकरच्या जाळीवर आणि स्टँडवर दव होते. कोरड्या फडक्याने पुसून, प्लगची टोके तपासून ५:२०ला वीज. गाडीतून थंड हवेत आणलेली गिटार पंधरा मिनिटांत चढली, तारा आकसतात. ५:४५ला पुन्हा जुळवली, दुसऱ्या गाण्यानंतर परत. कीबोर्डवाल्याने तेवढ्या वेळात निवेदकाच्या मागे तानपुऱ्याचा सूर धरला.

पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे आवाज खाली वळतो आणि दुपारपेक्षा बराच लांब जातो. आसपासचा गोंगाटही त्या वेळी कमी, आणि नियमात सार्वजनिक जागेच्या सीमेवरची मर्यादा त्या परिसरासाठी ठरवलेल्या ध्वनिमानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी ते. म्हणून स्पीकर खाली झुकवले, ६० हर्ट्झखालचे कापले आणि पुढच्या रांगेला ७८वर थांबलो. अभंगांना तेवढे पुरते. साडेसहानंतर फटाके सुरू झाले, ऊन आले, तेव्हा ८३पर्यंत नेले.

८:१५ला संपले. उठलेल्या खुर्च्या फार थोड्या. पांढरी पाचचा निर्णय सर्वांत जास्त कामी आला: पहिल्या अभंगात तार सप्तकाचा सा स्वच्छ लागला.

४ नोव्हेंबर, सोमवार. देखभाल

सर्व केबल टेस्टरवर. दोन एक्सएलआरमध्ये (माइकच्या केबल) तुटक जोड. दोन्ही कनेक्टरच्या मानेपाशी, कोपर-अंगठ्यावर गुंडाळल्यामुळे पीळ साचून. यापुढे एक वेढा सरळ, एक उलटा, आणि वेल्क्रो पट्टी. तुटक केबलला तिथेच गाठ मारायची, म्हणजे ती चुकून परत पेटीत जात नाही.

माइकच्या जाळ्या काढून कोमट साबणपाण्यात, पूर्ण वाळवून परत. कहोनचे स्क्रू आवळले. ढोलकीची मादी पुडी बदलायला दिली. ९ व्होल्टच्या बॅटऱ्या: ज्या ८.४च्या खाली मोजल्या त्या तालमीच्या डब्यात, कार्यक्रमाला नव्या.

डिसेंबरमध्ये गोव्यात, हणजूणला, समुद्राकडे उघड्या जागेत वाजवायचे आहे. फेसाचे वारारोधक दोन माइकना, स्टँडच्या पायांसाठी वाळूच्या पिशव्या, कनेक्टरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर, कारण खारी हवा पितळ काळे करते. आयोजकांना आज पाठवायचे: इनपुट यादी, साडेतीन बाय अडीच मीटरचा स्टेजचा नकाशा, एकाच फेजवरचा १६ अँपिअरचा सॉकेट अर्थिंगसह, आणि दहाला थांबण्याची वेळ लेखी.